मोबाइलचा बटवा आणि आईचे जुनेर

आज मोबाइल फोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी असो, नाक्यावर उभा राहणारा बिगारी असो की बारावीत शिकणारी मुलगी असो, प्रत्येकाचे काम या फोनवाचून अडते. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा तर ओटीपी फोनवर येतो. कामाचा निरोप फोनवर, पगार जमा झाल्याचा मेसेज फोनवर. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा एकेका फोनवर दोन-दोन, तीन-तीन भावंडांनी आळीपाळीने अभ्यास केला. असा हा पोटाला चिमटा काढून घेतलेला फोन आपण ठेवतो कुठे? कुणी पदराच्या गाठीत, कुणी ब्लाउजमध्ये, तर कुणी भाजीच्या पिशवीत कांद्या-बटाट्यांबरोबर. नळावर वाकले की फोन बादलीत. लोकलमधून उतरताना धक्का लागला की फोन फलाटावर.

आमच्या वस्तीतील एका भगिनीचा फोन असाच नळावर पडला. काच तडकली. दुरुस्तीला जे पैसे गेले, ते मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला काढलेले होते. मुलगी महिनाभर क्लासला गेली नाही. ही गोष्ट ऐकून मन खिन्न झाले. बाजारात शे-दीडशे रुपयांना फोनची पाकिटे मिळतात. पण ती रेक्झिनची असतात, घामाने सोलतात आणि गळ्यात अडकवायची सोय बहुतेकांना नसते. म्हणून रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाच्या बैठकीत मी सुचवले, की आपल्याकडे दोन शिलाई मशिन्स आहेत, तर घरातल्या जुन्या कपड्यांतून प्रत्येकीने आपल्या फोनचा बटवा शिवावा. पुढच्या रविवारी येताना प्रत्येकीने एक जुना कपडा धुऊन आणावा.

सगळ्या भगिनींना कल्पना आवडली. नाही आवडली ती फक्त माझ्या आईला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्याची उतरलेली धडुती घालून आमचं बालपण गेलं. त्यातनं तुम्हाला वर काढलं. आता तूच पोरींच्या गळ्यात चिंध्या अडकवायला निघालीस व्हय?"

आईचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. आई सातारकडची. तिच्या लहानपणी गावात वाड्यावर राबले की धान्याबरोबर जुनेर मिळायचे. जुनेर म्हणजे कुणीतरी नेसून-नेसून विटलेले लुगडे. ते आजी नेसायची, आणि त्यातलेच फाडून आईला परकर व्हायचा. कुणी नवे लुगडे नेसून वाड्यासमोरून गेले, तर "आज काय विशेष?" असे खोचक विचारले जायचे. प्रेतावरचे कापड हा तर महारांचा 'हक्क' मानला जाई. हा कसला हक्क? तो अपमान होता, आणि त्याला हक्काचे नाव देऊन आपल्या गळी उतरवला होता.

बंधू-भगिनींनो, ही केवळ गरिबी नव्हती. हे लिहून ठेवलेले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय वापरावे हे सांगितले आहे: मेलेल्यांची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, दागिने लोखंडाचे घालावेत. म्हणजे अंगावरचा कपडा पाहून माणसाची जागा ओळखता आली पाहिजे, अशी ही व्यवस्था. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी त्याच मनुस्मृतीचे दहन केले. आणि त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी आपल्या आया-बहिणींना वेगळे उपदेशाचे चार शब्द सांगितले. स्वतःला अस्पृश्य समजू नका, स्पृश्य स्त्रियांप्रमाणे लुगडी नेसा, अंगावर कोणते दागिने घालावेत हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही, असे ते म्हणाले. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती आपण पुष्कळदा विसरतो. लुगड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, मात्र ते स्वच्छ असले पाहिजे.

मी आईला हेच सांगितले. बाबासाहेबांनी ठिगळाला नाव ठेवले नाही. त्यांनी नाव ठेवले ते लाचारीला आणि अस्वच्छतेला. दुसऱ्याने उतरवून दिलेला कपडा आपली जागा दाखवण्यासाठी दिलेला असतो. आपल्या कष्टाच्या पैशाने घेतलेला, आपणच वापरलेला आणि आपणच पुन्हा शिवलेला कपडा मात्र आपला असतो. दोन्ही कपडे जुनेच. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आई काही बोलली नाही. पण आमच्या मंडळाने त्यानंतर एक नियम केला: बटवा आपल्या घरच्याच कपड्याचा. एक भगिनी ज्या घरी कामाला जाते तिथली भारी जीन्स घेऊन आली होती. तिला कुणी बोलले नाही. तिनेच ती पिशवीत परत ठेवली, आणि घरी जाऊन नवऱ्याची गुडघ्यावर फाटलेली जीन्स घेऊन आली.

त्या रविवारी वंदनेनंतर मी विनयपिटकातील एक कथा सांगितली. ती चुल्लवग्गात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण दुकान मांडणार आहे काय? तो आनंदांकडे गेला आणि विचारू लागला. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. राजाने विचारले, मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांचे? पायपुसणी. त्यांचे? धूळ झाडायची फडकी. आणि फडकी फाटल्यावर? ती कुटून मातीत कालवू आणि त्या मातीने जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

तथागतांच्या संघात सुरुवातीला भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून चीवर करीत. त्याला पांसुकूल चीवर म्हणतात. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून भगवंतांनी गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्यास परवानगी दिली. आजही भिक्खूंचे चीवर अखंड कापडाचे नसते. मगधातील बांध घातलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदांना तसे चीवर करायला सांगितले, म्हणून ते तुकडे जोडून शिवलेले असते. भंतेजी विहारात येतील तेव्हा मुलांना त्यांच्या चीवराच्या शिवणी जरूर दाखवा. मात्र एक ध्यानात ठेवा. भिक्खूंनी चिंध्या स्वतःच्या इच्छेने स्वीकारल्या होत्या. आपल्या पूर्वजांवर त्या लादल्या होत्या. म्हणून 'गरिबाने जुन्यातच समाधान मानावे' असे जर कुणी या कथेवरून सांगू लागला, तर त्याचे ऐकू नका. वस्तू पुरती वापरावी, वाया घालवू नये, एवढाच तिचा बोध आहे.

कथा ऐकून आई म्हणाली, "त्यांना राण्यांनी दिली. आपल्याला कोण राणी देणार?" सगळ्या हसल्या. पण संध्याकाळी तिने ट्रंक उघडली. तळाशी वडिलांची नोकरीतली खाकी पँट होती. वडील जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्याच्यावर तिची पांढरी सुती साडी होती, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना नेसायची ती. मधोमध विरलेली. "ही घे," ती म्हणाली. "बाहेरनं त्यांची, आतनं माझी. नातीला करायचा तर चांगला कर."

आता हा बटवा कसा शिवायचा ते सविस्तर सांगते.

साहित्य

बाहेरून जाड कापड हवे. जीन्स, खाकी किंवा शाळेच्या गणवेशाची जुनी पँट चालते. पँट गुडघ्यावर आणि बैठकीवर झिजते. गुडघ्याखालचा भाग बहुधा शाबूत असतो, तो घ्यावा. आतून अस्तराला मऊ सुती साडी किंवा धोतर घ्यावे. कापड उजेडात धरून पाहावे आणि विरलेला भाग सोडून द्यावा. बनियनचे कापड ताणले जाते, म्हणून ते अस्तराला घेऊ नये. मध्ये भरायला जुन्या टॉवेलचा तुकडा. शिवाय मजबूत दोरा, जुन्या शर्टाचे एक मोठे बटण आणि चार इंच बारीक नाडी. सगळे कपडे आधी धुऊन, खळ काढून, उन्हात वाळवून इस्त्री करावेत. जीन्स मशीनवर शिवायची असेल तर सोळा नंबरची सुई लावावी. बारीक सुई मोडते.

माप आणि कापणी

प्रत्येक फोनचे माप वेगळे, म्हणून आधी फोनच मोजावा. मोठ्या पडद्याचा फोन साधारण साडेसहा इंच लांब आणि तीन इंच रुंद असतो. टेप फोनभोवती आडवा गुंडाळून घेर पाहावा. तो सुमारे सात इंच भरतो. घेराच्या निम्मे, म्हणजे साडेतीन इंच. त्यात अर्धा इंच सैलपणासाठी आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी एक इंच मिळवावा. झाली रुंदी पाच इंच. लांबीचा हिशेब असा: पुढची बाजू सात, मागची बाजू सात, वरचे झाकण तीन आणि दोन्ही टोकांच्या शिवणीचा एक, असे अठरा इंच. म्हणजे जाड कापडाची आणि अस्तराची प्रत्येकी अठरा बाय पाच इंचांची एकेक पट्टी कापावी. टॉवेलची पट्टी शिवणीत जाडी येऊ नये म्हणून सतरा बाय चार इंचांची घ्यावी. आधी वर्तमानपत्राचा कागद कापून फोनला गुंडाळून पाहावा. कागद चुकला तर काही बिघडत नाही, कापड चुकले तर बिघडते.

शिवण

टॉवेलची पट्टी जाड कापडाच्या उलट बाजूवर मधोमध ठेवून धावदोऱ्याने टाचून घ्यावी. मग जाड कापड आणि अस्तर यांच्या सुलट बाजू समोरासमोर येतील असे एकावर एक ठेवावेत. झाकणाच्या टोकाला, बरोबर मध्यभागी, नाडीचा फासा दुमडून दोन्ही कापडांच्या मध्ये ठेवावा. फाशाचा गोल भाग आतल्या बाजूला आणि टोके काठाशी. आता कडेपासून अर्धा इंच आत चारही बाजूंनी टीप मारावी. फक्त झाकणाच्या विरुद्ध टोकाला तीन इंच जागा उघडी सोडावी. कोपऱ्यांची टोके शिवणीला धक्का न लावता कापावीत, म्हणजे कोपरे जाड होत नाहीत. उघड्या जागेतून सगळे उलटे करून सुलट बाजू बाहेर काढावी. बोथट काडीने कोपरे सरळ करावेत. उघडी कड आत दुमडून त्यावर टीप मारावी आणि इस्त्री फिरवावी.

आता ही पट्टी सतरा इंच लांब आणि चार इंच रुंद झाली. अस्तर आतल्या बाजूला ठेवून, झाकण नसलेल्या टोकाकडून सात इंच वर दुमडावे. दोन्ही कडा अगदी काठालगत दुहेरी टीप मारून बंद कराव्यात. सुरुवातीला आणि शेवटी मशीन मागेपुढे करून टाके पक्के करावेत. उसवते ते नेहमी तोंडाशीच. फोन आत घालून झाकण खाली घ्यावे, फासा जिथे येतो तिथे खूण करावी आणि फोन बाहेर काढून बटण शिवावे. बटण शिवताना आत फूटपट्टी घालावी, म्हणजे मागची बाजू सुईत सापडत नाही. गाठ आत न मारता बटणाखाली मारावी. फोन ठेवताना काच पाठीमागच्या बाजूला, म्हणजे आपल्या अंगाकडे ठेवावी.

गळ्यात अडकवायच्या पट्ट्यासाठी जीन्सची कडेची जाड शिवण लांब कापून घ्यावी. साडीचा काठ दुमडून, शिवूनही चांगला पट्टा होतो. खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत आपल्याच अंगावर मोजून लांबी ठरवावी. पट्ट्याची टोके बटव्याच्या मागच्या बाजूला, तोंडाजवळ दोन्हीकडे एकेक इंच ठेवून चौकोन शिवावा आणि चौकोनात फुली मारावी. फुलीने वजन चारी बाजूंना वाटले जाते.

मशीन नसेल तरी अडत नाही. मी आधी कडांना धावदोरा घातला होता. आईने तो पाहिला आणि उसवायला लावला. "धावदोरा वाकळेला. याला वजन पेलायचंय, टीप घाल," ती म्हणाली. टीप म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे येऊन पुढे जाणारा. एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. जुन्या बायका लुगडे मध्ये विरले की तो भाग काढून दोन धड तुकडे जोडायच्या. त्याला दंड घालणे म्हणत. ज्या हातांनी असे दंड घातले त्या हातांना हे काम शिकवावे लागत नाही, उलट त्यांच्याकडूनच शिकावे लागते.

काळजी

बटवा आठवड्यातून एकदा धुवावा, कारण कापड घाम शोषते. कापडाने ओरखडे वाचतात आणि लहानसहान धक्का सोसला जातो. पण उंचावरून दगडी फरशीवर पडला तर फोन फुटू शकतो, हे लक्षात असू द्या. कापडातून पाणी झिरपते, म्हणून पावसाळ्यात फोन आधी प्लॅस्टिकच्या कोरड्या पिशवीत घालून मग बटव्यात ठेवावा. फोन चार्जिंगला लावताना मात्र बटव्यातून बाहेर काढलाच पाहिजे. चार्जिंगच्या वेळी फोन तापतो आणि जाड कापडात ती उष्णता कोंडते. याच कारणासाठी उशीखाली ठेवूनही चार्जिंग करू नये. किल्ल्या आणि सुटे पैसे फोनबरोबर ठेवू नयेत, काचेवर चरे पडतात. एटीएमचा पिन चिठ्ठीवर लिहून बटव्यात ठेवू नये. त्याऐवजी घरच्या माणसाचा नंबर आणि आपला रक्तगट लिहिलेला कागद ठेवावा. कारखान्यात फिरत्या मशीनवर काम करणाऱ्यांनी गळ्यात पट्टा मुळीच घालू नये. त्यांनी बटव्याच्या मागे कमरपट्ट्यासाठी आडवी पट्टी शिवून घ्यावी.

मेहनतीचा हिशेब

काही भगिनींनी विचारले, की असे बटवे विकता येतील का? जरूर येतील. पण मी कॉमर्स शिकलेली आहे, म्हणून एक गोष्ट सांगते. कापड घरचे आहे म्हणजे बटवा फुकटात झाला, असे समजू नका. दोरा, सुई, वीज यांचा खर्च धरा आणि सर्वांत आधी आपला वेळ धरा. नवख्या हाताला एका बटव्याला दोन तास लागतात. त्या दोन तासांची मजुरी किमतीत नसेल, तर तो धंदा नाही, ती वेठ आहे. आणि वेठ आपण गावातच सोडून आलो.

सुई-दोऱ्याचे काम हलके समजू नये. विदर्भात आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे जाडेभरडे कापड विणून पोट भरत. आणि मुंबईच्या गिरण्यांत? तिथे जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि आपल्या तोंडाचा विटाळ इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. ज्या धाग्याला आपल्याला हात लावू दिला नाही, तो धागा आज आपल्या मुलींच्या हातात आहे. तेव्हा त्याची किंमत आपण तरी पुरी केली पाहिजे.

माझ्या मुलीचा बटवा त्याच आठवड्यात तयार झाला. बाहेरून खाकी, आतून पांढरा. वडिलांच्या पँटवर खिशाजवळ शाईचा एक डाग होता. तो कापून टाकावा असे मला वाटत होते. आई म्हणाली, "राहू दे. सही करायला शिकले तेव्हाचा आहे." वडील रात्रशाळेत जाऊन अक्षरे शिकले होते, हे मुलीला त्या दिवशी कळले. ती तो बटवा गळ्यात घालून कॉलेजात गेली. मैत्रिणींनी विचारले, कुठून घेतलास? तिने सांगितले, आजोबांचा आहे. आईला हे सांगितले, तेव्हा ती तोंडाला पदर लावून आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली आणि विचारू लागली, "माझ्या फोनला कधी शिवतेस?"

वाचक भगिनींनो, या रविवारी आपलीही ट्रंक उघडा. त्यात दुसऱ्याचे दिलेले काही असेल तर त्याचे काय करायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. पण ज्या कपड्यावर आपल्या माणसाचा घाम आहे तो बोहारणीला देण्यापूर्वी एकदा हातात घेऊन पाहा. आणि शिवायला बसाल तेव्हा मुलांना जवळ घेऊन बसा. मुलींना आणि मुलांनाही.

जयभीम!